मकतब, बराक आणि कुरण

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्ही बसलो होतो. विषय होता समावेशक शिक्षण. प्रशिक्षकांनी फळ्यावर लिहिले, 'सालामांका, १९९४'. स्पेनमधल्या या शहरात त्या वर्षीच्या जून महिन्यात ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले होते. प्रत्येक मुलाला, ते कसेही असो, नेहमीच्या शाळेतच जागा मिळाली पाहिजे आणि मुलासाठी शाळेने बदलले पाहिजे, असे त्यांनी जाहीर केले. आम्ही ते वहीत उतरवून घेतले. प्रशिक्षण मराठीत, पुस्तिका मराठीत आणि वर्गात शिकवायचे उर्दूत; म्हणून सवयीप्रमाणे प्रत्येक शब्दाशेजारी उर्दू शब्द लिहीत गेलो. 'समावेशक' या शब्दापाशी पेन थांबले. 'शमूलियती' असा एक शब्द सरकारी कागदांत चालतो, पण मोहल्ल्यात तो कुणाच्या तोंडी नाही. मोहल्ल्यातले शब्द वेगळे आहेत. कुंदजेहन, माजूर, गूंगा, नाबीना.

परतताना अंबरनाथच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असताना लक्षात आले की, यातला 'नाबीना' हा शब्द आम्ही पुस्तकात वाचला आहे, पण लहानपणी आमच्या वस्तीत जे दृष्टिहीन गृहस्थ होते त्यांच्यासाठी तो कुणी वापरल्याचे आठवत नाही. त्यांना सगळे 'हाफिजजी' म्हणत. उत्तरेकडच्या आणि दखनच्या मुसलमानांत ही जुनी रीत आहे. दृष्टी नसलेल्या माणसाला, तो हाफिज असो वा नसो, अदबीने हाफिजजी म्हणायचे. जसे हिंदू समाजात सूरदास म्हणतात. ही रीत नुसत्या सौजन्यातून आलेली नाही. ज्या मुलाला दिसत नाही त्याच्यासाठी आपल्या समाजात एक शाळा खरोखर होती, त्या शाळेत तो इतरांच्या बरोबरीने बसत होता आणि पुष्कळदा त्यांच्या पुढे जात होता. त्या शाळेचे नाव मकतब.

सालामांकाच्या आधीचा इतिहास शोधायचा तर आपल्याला तिथून सुरुवात करावी लागेल, असे आम्हांला वाटू लागले.

कुरआनातल्या 'अबस' या सूरहचा प्रसंग वाचकांना माहीत आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) मक्केतल्या प्रतिष्ठित सरदारांशी बोलत असताना हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम हे दृष्टिहीन गृहस्थ काही शिकण्यासाठी आले. त्या वेळी त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले आणि त्यावर आयत उतरली. पुढे हेच इब्ने उम्मे मक्तूम मदिनेत अजान देत आणि पैगंबर मोहिमेवर गेले असता अनेकदा मदिनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली. मौलवीसाहेब हा प्रसंग नम्रतेचा धडा म्हणून सांगतात. शिक्षकाच्या कानाने ऐकला तर त्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. शिकायला आलेला माणूस आणि शिकवणाऱ्याला त्या क्षणी महत्त्वाचा वाटलेला माणूस, हे दोघे वेगळे होते. आमच्या वर्गातही ते रोज वेगळे असतात. पहिल्या बाकावरच्या पाच हुशार मुलांकडे पाहून आम्ही धडा शिकवतो.

मकतबात दृष्टिहीन मूल का टिकले, याचे कारण दयेत शोधण्याची गरज नाही. ते पद्धतीत आहे. हिफ्जचे सारे काम कानाने आणि जिभेने चालते. उस्ताद म्हणतो, मूल म्हणते. चुकले की उस्ताद थांबवतो. डोळा तिथे उपयोगी आहे, अनिवार्य नाही. म्हणून डोळा नसलेल्या मुलाला वेगळी शाळा काढावी लागली नाही. इजिप्तचे थोर लेखक ताहा हुसेन (१८८९–१९७३) यांचे उदाहरण घ्या. साधारण तीन वर्षांचे असताना डोळे आले आणि चुकीच्या उपचाराने दृष्टी गेली. गावच्या मकतबात त्यांनी कुरआन मुखोद्गत केले, तेथून अल्-अजहर, मग कैरो विद्यापीठाची डॉक्टरेट आणि पुढे पॅरिसला इब्ने खल्दूनवर प्रबंध. १९५० ते १९५२ या काळात ते इजिप्तचे शिक्षणमंत्री होते आणि शिक्षण हवापाण्यासारखे सर्वांना मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे 'अल्-अय्याम' हे आत्मचरित्र प्रत्येक शिक्षकाने वाचावे. त्यात मकतबाचे गोडवे नाहीत. मुलगा हाफिज झाला असे उस्ताद वडिलांना सांगून मोकळा होतो, वडील परीक्षा घेतात आणि मुलाला काही आठवत नाही. ती शरम ताहा हुसेन यांनी न लपवता लिहिली आहे. मूल वर्गात बसलेले आहे म्हणजे शिकते आहेच असे नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळले होते.

आणि मकतबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कानाने चालणाऱ्या शाळेत ज्याचा कानच चालत नाही त्याचे काय? आमच्या परंपरेत 'हाफिजजी'ला जोड असा बहिऱ्या माणसासाठी एकही अदबीचा शब्द नाही. गमतीची (खरे तर दुःखाची) गोष्ट अशी की, कायद्याने बहिऱ्या-मुक्या माणसाला जागा दिली होती. मुक्याची खूण ही बोलण्यासारखीच ग्राह्य, हे फिकहचे जुने तत्त्व आहे. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात जो 'मजल्ला' हा कायदासंग्रह तयार झाला, त्याचे ७० वे कलम हेच सांगते. इस्तंबूलच्या शाही वाड्यात तर मुके सेवक शतकानुशतके खुणांची भाषा वापरत आणि दरबारातली इतर मंडळी ती शिकून घेत. म्हणजे काझीने खूण मान्य केली, सुलतानाने खूण शिकून घेतली; उस्तादाच्या मकतबात मात्र खुणेला वाव मिळाला नाही. मुलाच्या अंगी काय उणे आहे, यावर ते शिकेल की नाही हे ठरत नसते. शाळा कोणत्या वाटेने शिकवते, यावर ते ठरते. इतके मोठे सत्य आपल्याच इतिहासात पडून होते आणि आम्ही ते पुस्तिकेत शोधत होतो.

छापील पुस्तकाची, पाटी-पेन्सिलीची शाळा आली तेव्हा हे गणित उलटे झाले. आता डोळा अनिवार्य झाला. मुंबईत १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने माझगावला बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा सुरू झाली आणि १९०० साली ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी अंध मुलांची शाळा काढली. ही कामे मोठी होती. पण त्यांनी एक समजही रुजवला, की असे मूल दिसले की त्याची शाळा 'तिकडे' आहे. 'तिकडे' म्हणजे माझगाव किंवा दादर. बदलापूरच्या किंवा मुरबाडच्या मुलासाठी 'तिकडे' म्हणजे कुठेच नाही.

त्याच काळात एक माणूस वेगळा प्रश्न विचारत होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात त्यांनी शाळेत कोण येत नाही याचा हिशेबही मांडला. महार-मांगांची मुले जातीच्या विटाळामुळे बाहेर राहतात हे सांगितले आणि पुढे मुसलमानांविषयीही लिहिले. त्यांचा मराठी-इंग्रजीकडे ओढा नाही, ते या शाळांपासून लांब राहतात आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेत शिकवणाऱ्या प्राथमिक शाळा फारच थोड्या आहेत, असा त्यांचा आशय आहे. गैरहजर मुलाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. मुलात खोट शोधायची, किंवा शाळेच्या दारात काय आडवे आले आहे ते पाहायचे. जोतीरावांनी दार पाहिले. जातीचा विटाळ आणि भाषा, दोन्ही त्यांना एकाच यादीत दिसले.

त्यांच्या शाळांत सावित्रीबाईंसोबत राबणाऱ्या फातिमा शेख यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. २०२५ च्या जानेवारीत एका लेखकाने, हे पात्र आपणच रचले, असे जाहीर करून खळबळ उडवली. त्यावर आपल्या मंडळींपैकी काहींनी नुसता राग व्यक्त केला. रागापेक्षा कागद बरा. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेराहून जोतीरावांना लिहिलेले पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात छापलेले आहे. आपण आजारी असल्याने फातिमेवर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्यातला भाव आहे. फातिमाबाईंची जन्मतारीख, शिक्षण यांविषयी जे आज ठासून सांगितले जाते, त्यातले बरेचसे या कागदात नाही. पण काम करणारी, कुरकुर न करणारी फातिमा आहे. आम्हां शिक्षकांना तेवढी ओळख पुरते.

आता आमच्या गावाकडे वळू.

उल्हासनगर या शहराला जुनी माणसे अजून 'कॅम्प' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी तळ उभारला गेला, त्यात दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपले, सैन्य गेले, बराकी ओस पडल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी त्या भरल्या. जवळजवळ लाखभर माणसे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून कॅम्पाचे नाव उल्हासनगर झाले. पाच कॅम्प होते, पत्ता सांगताना आजही नंबरच सांगतात.

आमच्यासारख्या उर्दू शिक्षकाला या शहरात एक विचित्र अनुभव येतो. एखाद्या जुन्या पाटीवर, एखाद्या वृद्धाच्या हातातल्या पोथीवर आपली लिपी दिसते. वाचायला जावे तर अर्धे वाचता येते, अर्धे येत नाही. ती सिंधी असते. अरबी वळणाची, ५२ अक्षरांची, नुक्त्यांनी गच्च भरलेली. एकदा एका सिंधी आजोबांनी आमच्या पिशवीतले उर्दूचे पाठ्यपुस्तक हातात घेतले आणि अडखळत, पण बरोबर वाचले. "तुमचे अक्षर लटकते, आमचे सरळ बसते," एवढेच म्हणाले. नस्तालीक आणि नस्ख या दोन वळणांतला फरक यापेक्षा नेमका आम्हांला कुणी सांगितला नव्हता.

ही ५२ अक्षरे ठरली कशी, ती कहाणी आपल्याच मुंबई इलाख्यातली आहे. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. सिंधी लिहायची कशी, यावर इंग्रज अधिकाऱ्यांत वाद झाला. जॉर्ज स्टॅक यांना नागरी हवी होती, रिचर्ड बर्टन अरबीच्या बाजूचे. व्यापारी तर आपल्या हिशेबासाठी तिसरीच, वाणिको लिपी वापरत. अखेर १८५३ मध्ये कमिशनर बार्टल फ्रिअर यांच्या काळात अरबी वळणाची लिपी ठरली, सिंधीच्या खास ध्वनींसाठी जादा अक्षरे घडवली गेली आणि हिंदू-मुसलमान दोघांची मुले त्याच अक्षरांवर शिकली. शंभर वर्षांनी कॅम्पाच्या बराकीत तो वाद पुन्हा उभा राहिला. भारतात आलेल्या सिंधी मुलाला कोणती लिपी द्यायची? नागरी दिली तर हिंदी-मराठी सोपी जाते. अरबी वळण ठेवले तर आजोबांचे पत्र, शहा अब्दुल लतीफ यांचे काव्य, सिंधमध्ये मागे राहिलेले सारे वाङ्मय वाचता येते. सरकारने आधी नागरीकडे कल दाखवला, विरोध झाला आणि शेवटी दोन्ही लिप्यांना मान्यता मिळाली. १० एप्रिल १९६७ रोजी २१ व्या घटनादुरुस्तीने सिंधी आठव्या अनुसूचीत आली. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात बालभारती स्थापन झाली आणि मराठी, उर्दू यांच्याबरोबर सिंधी पुस्तकेही छापू लागली.

आमच्या मते एकाऐवजी दोन लिप्या मान्य करणे हा शहाणपणाचा निर्णय होता. घरदार सोडून आलेल्या मुलाला 'आधी तू बदल, मग शाळेत ये' असे कुणी म्हटले नाही. त्या बराकींना जिना नव्हता, फार तर एक-दोन पायऱ्यांचे जोते. पाय अधू असलेले मूल तिथे आजच्या चौथ्या मजल्यावरच्या शाळेपेक्षा सहज पोहोचत असेल. कुणी तसे ठरवून बांधले नव्हते, पण झाले. तरी ही गोष्ट सुखाची नाही. लिपी दोन झाल्या, पण एकाच घरात आजोबांची चिठ्ठी नातवाला वाचता येईना. मग आईबापांनी तिसरीच वाट धरली, इंग्रजीची. सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून रोडावल्या. आपली मुले कोणत्या शाळेत घालावीत या चिंतेत असलेल्या उर्दू पालकांशी आम्ही बोलतो, तेव्हा आम्हांला कॅम्पातल्या त्या शाळा आठवतात. उर्दू माध्यम टिकायचे असेल तर ते भावनेवर टिकणार नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला वाचता आले तर टिकेल.

आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला उर्दू वाचणे सोपे नाही. हे आम्ही उर्दूचे शिक्षक सहसा कबूल करत नाही. बे, पे, ते, टे, से या पाच अक्षरांचे अंग एकच. फरक काय तो नुक्त्यांचा किंवा डोक्यावरच्या चिन्हाचा. तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे आणि एकटे असले की चौथे. जेर, जबर, पेश ही ऱ्हस्व स्वरांची चिन्हे पहिल्या पुस्तकानंतर गळून पडतात, मुलाने ती मनाने भरायची. एका 'ज'सारख्या उच्चारासाठी जाल, जे, ज्वाद, जोय अशी चार अक्षरे, 'स'साठी तीन. मराठी शिक्षक ऱ्हस्व-दीर्घाने हैराण असतात, त्यांनी एकदा आमच्या वह्या तपासाव्यात. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे जातो आणि त्याच ओळीतला आकडा डावीकडून उजवीकडे. पुढच्या तासाला मराठी, त्याच्या पुढच्या तासाला इंग्रजी, दोन्ही उलट दिशेने. ज्या मुलाच्या मनात उजवे-डावे पक्के बसलेले नाही, त्याचे काय होत असेल?

शिवाय 'उर्दू माध्यम' म्हणजे घरी उर्दू, हाही भ्रम आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कामासाठी आलेली माणसे सगळीकडची. कुणी कोकणी मुसलमान, कुणी दखनी बोलणारे, कुणी अवधी-भोजपुरी मुलखातले. मूल 'मेरेकू' म्हणते, पुस्तक 'मुझे' म्हणते. कारखाना बंद पडला की बाप दुसरीकडे जातो आणि वर्गातले नाव मध्येच गळते. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले, असे लोक सांगतात. खरेखोटे कुणास ठाऊक, पण आमच्या हजेरीपटाला ते लागू पडते.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी विचारा, इतिहास घडाघडा सांगे. पुस्तक उघडले की घशात काही अडकल्यासारखा गप्प. आम्हीही दोन वर्षे त्याला आळशी समजलो, हे लिहिताना संकोच वाटतो. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द घरोघर पोहोचला. त्याच्या अम्मीनेच पुढे येऊन विचारले, "हमारे बच्चे का भी वही तो नहीं?" महाराष्ट्रात नव्वदच्या दशकापासून अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, भाषेत आणि गणितात सूट अशा सवलती आहेत, त्यासाठी तपासणी आणि दाखला लागतो. आम्ही मुलाला मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो. तपासणीचे कागद इंग्रजीत होते, हिंदीतही होते. उर्दूत नव्हते. इंग्रजी त्याला शाळेच्या तिसऱ्या भाषेइतकेच येत होते. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले, की याला वाचता येत नाही हे दिसते, पण लिपीची सवय नाही म्हणून येत नाही की वाचनाची अडचण आहे म्हणून, हे या कागदांवरून आपण सांगू शकत नाही. दोन फेऱ्या झाल्या. बापाचे दोन दिवसांचे खाडे झाले. तिसरी फेरी झाली नाही.

१८८२ साली जोतीरावांनी दाखवलेले भाषेचे दार सव्वाशे वर्षांनी असे पुन्हा समोर आले. या वेळी ते शाळेचे नव्हते, दाखल्याचे होते. कायद्यांची यादी आज लांब आहे. १९७४ ची केंद्राची एकात्म शिक्षण योजना, १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा आणि २१ प्रकारच्या अडचणी मान्य करणारा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. बांद्र्याला १९८३ पासून श्रवणदोषावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि तिला महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या नवाब अली यावर जंग यांचे नाव आहे. १९५१ साली भारती ब्रेल ठरली, तिच्यात उर्दूही लिहिता येते. आणि ती उर्दू डावीकडून उजवीकडे वाचतात, हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मुले हसत सुटली. सगळे आहे. फक्त आमच्या मुलाला तपासायचे कोणत्या भाषेत, एवढे राहून गेले.

मग दाखल्याशिवाय काय करायचे? याचे उत्तर आम्हांला सालामांकात मिळाले नाही, कोसबाडला मिळाले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्याआधी डहाणू तालुक्यातले कोसबाड आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्या टापूत गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठीविरुद्ध लढा पेटला होता, हेही लक्षात ठेवावे. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, स्वतः उशिरा शिकलेल्या. केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालवाडी काढली, पण वारली मुले येईनात. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९७५ मध्ये केंद्राची बालविकास योजना आली आणि तो देशभर गेला. थोरली मुले धाकट्याला कडेवर घेऊन यायची, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला नाव दिले विकासवाडी. त्याहून मोठी मुले गुरे चारायला जायची. तर शिक्षक गुरांमागे कुरणात गेला. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत असतात, मुले झाडाखाली बसतात, शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य. गाय भलतीकडे गेली तर मूल उठून जाते आणि परत येऊन बसते. त्याला कुणी 'चंचल' म्हणत नाही.

अमेरिकेत रोनाल्ड मेस नावाचे वास्तुविशारद होते. पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीवर असत. इमारत बांधतानाच सर्वांना वापरता येईल अशी बांधा, मागाहून ठिगळ नको, हा विचार त्यांनी मांडला. १९८४ मध्ये तिकडे स्थापन झालेल्या 'कास्ट' या संस्थेने पुढे तो वर्गात आणला. एकच गोष्ट ऐकवा, दाखवा, हाताळू द्या. आणि मुलाने बोलून, लिहून, करून, कशीही सांगितली तरी चालवून घ्या. चांगला विचार आहे. पण कुरणशाळा त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि ती आमच्या जिल्ह्यात होती. तिच्यात एक गोष्ट आहे जी त्या पुस्तकांत आम्हांला ठळक दिसली नाही. मुलाचे काम, मुलाची गरिबी, कडेवरचे भावंड, हे सगळे तिने आराखड्यात धरले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना पुढे पद्मश्री. बी.एड.ला आम्हांला मॉंटेसरी आणि फ्रोबेल पाठ होते, कोसबाडवर परीक्षेत टीप लिहायला आली असती तर आमचे चार ओळींत संपले असते.

त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या आणखी सहा-सातजणांसाठी आम्ही जे केले ते फार थोडे आहे, पण सांगून ठेवतो. बे-पे-तेचे अंग पुठ्ठ्यात कापले आणि नुक्त्यांच्या जागी चिंचोके ठेवायला दिले. चिंचोका खाली एक म्हणजे बे, तीन म्हणजे पे, वर दोन म्हणजे ते. बोटांना जे कळते ते डोळ्यांना नंतर कळते. एकेकाळी उर्दू पुस्तके कातिबाच्या हाताने लिहिली जात, अक्षर मोठे करायचे तर सगळे पान पुन्हा लिहावे लागे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक आली आणि संगणकावर हे वळण उतरू लागले. आता आम्ही धड्याचे पान मोठ्या टायपात, ओळींत अंतर सोडून, जेर-जबर-पेश घालून छापून घेतो. सहावीच्या मुलाला पहिलीसारखी चिन्हे कशाला, असे एका सहकाऱ्याने विचारले. हाफिजसाहेबांच्या हातातल्या कुरआनात शेवटच्या पानापर्यंत ती असतात, एवढेच आम्ही म्हणालो.

इतिहासाची परीक्षा त्या मुलाने तोंडी दिली. आम्ही त्याला शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका विचारली. पेटारे, पहारेकरी, हिरोजी फर्जंद, मदारी मेहतर, सगळे त्याने क्रमाने सांगितले, मध्येच उठून पलंगावर पांघरूण घेऊन झोपल्याची नक्कलही केली. वर्ग हसला. आम्ही गुणपत्रकात वीसपैकी सतरा लिहिले आणि शेरा लिहायच्या रकान्यात 'तोंडी घेतली' असे उर्दूत आणि मराठीत, दोन्हींत लिहिले. पुढच्या वर्षी वर्ग कुणाकडे जाईल आणि त्यांना यातली कोणती लिपी वाचायची सवय असेल, हे आम्हांला माहीत नव्हते.